विन्स्टनला राहू द्या, पार्सन्सकडे बघा

प्रश्न: माझी सतरा वर्षांची मुलगी ‘१९८४’ वाचत होती. अर्ध्यावर पुस्तक ठेवून म्हणाली, “यात घाबरण्यासारखं काय आहे? कॅमेरे सगळीकडे असतात, बातम्या खोट्या असतात, हे तर आहेच.” मला उत्तर सुचलं नाही. या जुन्या डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांना आज खरंच काही अर्थ उरलाय का? असेल तर तिला काय सांगू?

उत्तर:

तुमच्या मुलीचं चुकलेलं नाही. पुस्तक मिटताना तिच्या तोंडून जे ‘हे तर आहेच’ निघालं, तोच या सगळ्या पुस्तकांचा खरा विषय आहे. पण हे तिला लगेच सांगायला जाऊ नका. सतराव्या वर्षी असं काही मोठ्यांकडून ऐकलं की पुस्तकच नकोसं होतं.

मी बावीस वर्षं महाविद्यालयात ही पुस्तकं शिकवतोय. सुरुवातीला टेलिस्क्रीनचं वर्णन आलं की वर्ग गप्प व्हायचा. भिंतीवरचा पडदा आपल्याला दाखवतोही आणि आपल्याला बघतोही, बंद करता येत नाही, हे ऐकून मुलं चुळबुळायची. अलीकडे कुणीतरी हमखास हात वर करतं: “सर, पण एवढ्या सगळ्यांवर नजर ठेवायला माणसं किती लागतील?” पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी हसण्यावारी नेला. नंतर लक्षात आलं, पोरानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. ‘१९८४’ लिहिणाऱ्या जॉर्ज ऑर्वेलनं ते सुरुवातीच्या पानांतच सांगितलंय: विचार पोलीस नेमके कधी आणि कुणाच्या तारेला कान लावतात हे कुणालाच माहीत नसतं. सतत बघत असतील असं धरून वागायचं, आणि पुढे ते अंगवळणी पडतं. म्हणजे बघणारी माणसं मोजकीच असली तरी चालतं, उरलेलं काम भीती करते. १९४९ साली, पुस्तक आलं तेव्हा, पाळत म्हणजे माणसानं माणसावर ठेवलेली पाळत, आणि माणूस महाग पडतो.

आज बघायला माणूस लागत नाही. यंत्र न थकता सगळ्यांना बघतं, म्हणून भीतीचीही तितकी गरज उरली नाही. उलट आपण घाबरून उठून गेलो तर यंत्राचं नुकसान. त्याला आपण रमलेले हवे असतो. तुमच्या मुलीला भीती वाटली नाही यात तिचा दोष नाही, भीती वाटू नये अशीच ती व्यवस्था आहे.

मग या पुस्तकांचा उपयोग काय? आधी एक खेळ सोडून द्यावा लागेल, तो म्हणजे गुण देण्याचा. ऑर्वेलचं किती खरं ठरलं, ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ लिहिणाऱ्या हक्सलीचं किती, कोण जिंकलं. हे लेखक ज्योतिषी नव्हते, आपापल्या काळातली एखादी गोष्ट ताणून बघत होते. येवगेनी झाम्यातिन पेशानं जहाजबांधणीतला अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये राहून त्यानं रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घेतली. १९२०-२१ मध्ये त्यानं ‘आम्ही’ लिहिली. तिच्यातल्या लोकांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, दिवसाचा प्रत्येक तास एका तक्त्यानं बांधलेला आहे, आणि जुन्या साहित्यातली सर्वश्रेष्ठ कलाकृती म्हणून ते कशाची पूजा करतात, तर रेल्वेच्या वेळापत्रकाची! कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा टेलर त्यांच्या लेखी थोर तत्त्वज्ञ. कारखान्याच्या आत वावरलेल्या माणसाचाच हा विनोद. कादंबरी आधी इंग्रजी अनुवादात आली, १९२४ साली. लेखकाच्या देशात ती छापायला १९८८ उजाडलं. तोवर तो जाऊन ५१ वर्षं झाली होती.

यंत्रांपुरतेच गुण द्यायचे म्हटले तर एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर पहिला येईल, त्याबद्दल शेवटी बोलतो. ब्रॅडबरीनं १९५३ मध्ये ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीत कानात घालायचे शिंपल्याएवढे रेडिओ आणि भिंतभर टीव्ही लिहून ठेवले. ठीक आहे, छान. पण त्यासाठी कुणी कादंबरी वाचू नये.

माझ्या मते ही पुस्तकं नायकासाठी वाचायचीच नाहीत. नायकाच्या शेजाऱ्यासाठी वाचायची.

‘१९८४’ मध्ये नायक विन्स्टनच्या शेजारी पार्सन्स राहतो. जाडा, घामट, उत्साही, वर्गण्या गोळा करणारा, सगळ्यांना मदतीला तत्पर. त्याच्या घरचं बेसिन तुंबतं तेव्हा विन्स्टनच जाऊन ते मोकळं करून देतो, इतका साधा शेजारधर्म. पुढे विन्स्टन पकडला जातो आणि कोठडीत त्याच्यासमोर कोण येऊन बसतं? पार्सन्स. झोपेत त्याच्या तोंडून ‘बिग ब्रदर मुर्दाबाद’ अशा अर्थाचं काहीतरी निघालं; बिग ब्रदर म्हणजे तिथला सर्वोच्च नेता. कुलपाच्या भोकाला कान लावून सात वर्षांच्या मुलीनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कळवलं. पार्सन्सला राग येत नाही. त्याला लेकीचा अभिमान वाटतो. तिला आपण चांगलं वळण लावलं हे यातून दिसतं, असं तो म्हणतो, आणि प्रकरण आणखी वाढण्याआधी आपल्याला पकडलं म्हणून तो आभारीही आहे.

छळासाठीच्या एकशेएक नंबरच्या खोलीतले उंदीर सगळ्यांच्या लक्षात राहतात. माझ्या मते या कादंबरीतला सर्वांत भयंकर प्रसंग हा आहे, कारण इथे छळ करायला कुणीच उरलेलं नाही. आतलं आणि बाहेरचं यांच्यातली शिवणच उसवून गेली आहे.

वर्गात मी दरवर्षी विचारतो: पार्सन्स वाईट माणूस आहे का? तास संपेपर्यंत भांडण चालतं. मग मी चॉकलेटचं पान काढायला लावतो. शिधा तीस ग्रॅमवरून वीसवर आणला जातो, आणि चोवीस तासांच्या आत बातमी येते की वीस ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ लोकांनी आभाराचे मोर्चे काढले. पार्सन्स ते सहज गिळतो. पण त्याच टेबलावर साइम बसलाय, हुशार, भाषातज्ज्ञ, न्यूस्पीक या तिथल्या सत्तेनं घडवलेल्या नव्या भाषेच्या कोशावर काम करणारा. तोही ते गिळतो, फक्त जरा वळसा घालून. मुलं इथे पहिल्यांदा अस्वस्थ होतात, कारण पार्सन्सला मूर्ख म्हणून बाजूला सारता येतं, साइमला नाही. पुढे साइम नाहीसाच होतो. त्याचं कारणही विन्स्टन आधीच हेरून असतो: याला फार कळतं आणि हा फार बोलतो.

आणि स्वतः विन्स्टन? तो तरी कुठला साव! जुनी वर्तमानपत्रं बदलून लिहिणं हे त्याचं काम आणि आयुष्यातला सर्वांत मोठा आनंदही त्याला त्यातच मिळतो, असं ऑर्वेल स्पष्ट लिहितो. कॉम्रेड ओगिल्वी नावाचा अस्तित्वातच नसलेला वीर तो दुपारभरात रचतो आणि त्यावर खूश होतो. लहान मुलाच्या चेहऱ्यावर आम्ल फेकायची तयारी आहे का असं विचारल्यावर तो हो म्हणतो. ही पानं लोक विसरतात. जून २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं बाहेर आली तेव्हा आणि पुन्हा जानेवारी २०१७ मध्ये या कादंबरीचा खप एकदम वाढला. वाचणाऱ्यांत सगळ्या विचारांचे लोक असणार आणि प्रत्येक जण स्वतःला विन्स्टन समजून वाचत असणार. आपण पार्सन्स आहोत म्हणून हे पुस्तक कुणी विकत घेत नाही. ‘ऑर्वेलियन’ हा शब्द इतका झिजलाय तोही यामुळेच: नावडत्या माणसाकडे फेकायचा दगड झालाय त्याचा.

शेजारी शोधायची ही सवय लागली की बाकीची पुस्तकंही वेगळी दिसू लागतात. ‘फॅरनहाइट ४५१’ म्हणजे पुस्तकं जाळणारं सरकार, अशी समजूत असते. पण त्यातल्या अग्निशमन दलाचा, म्हणजे तिथे पुस्तकं जाळणाऱ्या दलाचा, प्रमुख बीटी नायकाला समजावून सांगतो की सुरुवात वरून झालीच नव्हती. हुकूम नव्हता, बंदी नव्हती. लोकांना घाई होती, म्हणून अभिजात ग्रंथांचे पंधरा मिनिटांचे रेडिओ कार्यक्रम झाले, मग दोन मिनिटांत वाचून होणारे स्तंभ, मग शब्दकोशातल्या दहा-बारा ओळी. कुणाला ना कुणाला टोचेल ते ते गाळत गेले. जाळणारे आले ते शेवटी. आणि घरात नायकाची बायको मिल्ड्रेड बसलीये. तीन भिंती टीव्हीच्या झाल्यात, तिला चौथी हवीये. नवऱ्याचा वर्षाचा एक तृतीयांश पगार त्यात जाणार, तरी हवीये. पडद्यावरच्या माणसांना ती ‘कुटुंब’ म्हणते. एका रात्री ती झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली रिकामी करते. डॉक्टर येत नाही, दोन कामगार यंत्र घेऊन येतात, नळ दुरुस्त करावा तसं तिचं पोट उपसतात, रक्त बदलतात आणि म्हणतात, अशा रोज रात्री नऊ-दहा केसेस असतात. सकाळी तिला काही आठवत नाही, फक्त भूक लागलेली असते. ही तीन-चार पानं मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवतो आणि त्यावर काहीही बोलत नाही.

(याच पुस्तकाच्या शाळकरी आवृत्तीत प्रकाशकानं गुपचूप पंचाहत्तर ठिकाणी फेरफार केले होते. ब्रॅडबरीला ते कित्येक वर्षांनी कळलं, तेव्हा तो भयंकर संतापला. बीटी मात्र गालातल्या गालात हसला असता.)

मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) हा शेजारी आणखी जवळ येतो. माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे केलेली नाही अशी एकही गोष्ट त्यात घालायची नाही, असा नियम तिनं स्वतःला घालून घेतला होता. त्यातल्या बायकांची बँक खाती एका दिवसात गोठतात. पैसा कागदाचा राहिलेला नसतो, सगळा आकड्यांत असतो, त्यामुळे काही बटणं दाबली की काम होतं. निवेदिकेला हे दुकानात कार्ड चालेना तेव्हा कळतं. त्याच दिवशी नोकरीही जाते. रात्री नवरा जवळ घेऊन म्हणतो, मी आहे ना, मी तुझी काळजी घेईन. चांगला माणूस आहे, प्रेम करतो. पण तिच्या मनात येऊन जातं: याला याचं काहीच वाईट वाटलेलं नाही. बस, एवढंच. माझ्या मते कादंबरीचा काटा याच ओळीवर फिरतो.

हक्सलीचं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मला पूर्वी फार आवडायचं, आता तितकं नाही. पात्रं पुठ्ठ्याची वाटतात. पण सोमा नावाच्या गोळीची कल्पना पक्की आहे. नाव त्यानं आपल्या वैदिक सोमरसावरूनच उचललंय. थोडं मन उदास झालं की गोळी, जरा जास्त झालं की दोन. तिथे बंडाला कुणी मारत नाही. लोकांना हवं ते मिळतं आणि मिळणार नाही ते त्यांना हवंसंच वाटत नाही. हक्सलीनं काही काळ ऑर्वेलला शाळेत फ्रेंच शिकवलं होतं. ‘१९८४’ आल्यावर, १९४९ च्या ऑक्टोबरात, त्यानं जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहून पुस्तकाची स्तुती केली आणि वर सुनावलंही: तोंडावर बूट ठेवून राज्य करणं फार काळ परवडत नाही, लोकांना आपली गुलामी आवडू लागेल असं करणं राज्यकर्त्यांना जास्त स्वस्त पडेल. मास्तर तो मास्तरच! ऑर्वेल त्यानंतर तीन महिनेच जगला.

दोघांत कोण बरोबर, हा वाद मला पोकळ वाटतो, कारण दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. एकाच माणसाला दुपारी सोमा आणि रात्री टेलिस्क्रीन मिळू शकतो, तोही एकाच उपकरणातून.

एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ग्राहकांच्या किंडल या पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून काही विकत घेतलेली पुस्तकं दूरवरूनच पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पुस्तकं होती ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. कुणी कादंबरीत घातलं असतं तर संपादकानं ‘फारच ओढूनताणून’ म्हणून काटलं असतं. आरडाओरडा झाला, कंपनीच्या प्रमुखानं जाहीर माफी मागितली, पैसे तर आधीच परत दिले होते. आणि मग वाचणारे पुन्हा त्याच यंत्रावर वाचू लागले. मीही. वर्गाच्या तयारीसाठी ‘१९८४’ मी अजूनही त्याच्यावरच उघडतो, कारण त्यात शब्द शोधता येतो. पार्सन्स कोण, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत फक्त मुलांनाच विचारलाय असं नाही.

तुमच्या मुलीच्या पिढीसाठी ‘१९८४’ मधली एक जागा मला अलीकडे फार महत्त्वाची वाटू लागली आहे. त्या जगात सामान्य लोकांसाठीची गाणी माणसं लिहीतच नाहीत, व्हर्सिफिकेटर नावाचं यंत्र ती पाडतं. कादंबऱ्याही यंत्रावर निघतात, विन्स्टनची प्रेयसी जूलिया त्याच खात्यात यंत्रं दुरुस्त करते. दहा-बारा वर्षांपूर्वी या ओळींवर कुणी थांबायचं नाही. आता तास तिथेच अडतो. पण ऑर्वेल तिथे जे करतो ते बघा. खिडकीखाली एक दणकट बाई धुणं वाळत घालताना असलंच एक यंत्रानं रचलेलं टुकार गाणं गात असते, आणि विन्स्टनला ते सुंदर वाटतं. गाणं कचराच आहे, हे तो विसरलेला नाही. त्या बाईच्या गळ्यानं त्याचं काहीतरी वेगळंच करून टाकलंय. यंत्राच्या गाण्याला नाकं मुरडून मोकळं होणं सोपं होतं, ऑर्वेलनं ते टाळलं. यंत्रानं लिहिलेल्या मजकुराबद्दल आज जे वाद चालतात त्यात मी ही बाई अजून कुणाला आठवलेली पाहिली नाही.

या पुस्तकांचं काय चुकतं तेही सांगायला हवं. मुली हे लवकर ओळखतात आणि आपण बचाव करत बसलो तर आपलीच पत जाते. जूलियाला ऑर्वेलनं नीट लिहिलेलं नाही. विन्स्टन महत्त्वाचा बंदी घातलेला ग्रंथ वाचून दाखवतो आणि ती झोपी जाते, बंडखोरी तिच्या कमरेखालीच असल्याचा टोमणाही तिला ऐकावा लागतो. सत्तेला नेहमी एकच केंद्र असतं, ऑर्वेलकडे एक पक्ष, झाम्यातिनकडे एक उपकारकर्ता, हक्सलीकडे एक जागतिक राज्य. आपल्या भोवतीची गुंतागुंत, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या दहा कंपन्या, एकमेकांशी भांडणारी सरकारं, आणि त्या सगळ्यांना स्वखुशीनं हप्ते भरणारे आपण, हे चित्र यांपैकी कुणाच्याच हातून पूर्ण उतरलेलं नाही. टेलिस्क्रीन कुणी रांग लावून घेतला नव्हता.

इशाऱ्याचं पुढे काय होतं, याचा एक मासला. मायकेल यंग या समाजशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये भविष्यकाळात घडणारं एक उपहासपर पुस्तक लिहिलं. बुद्धी आणि कष्ट मोजून माणसांची उतरंड लावणाऱ्या त्या समाजात वर बसलेल्यांना खालच्यांची कणवही उरत नाही, कारण ते त्याच लायकीचे ठरलेले असतात. या भीषण व्यवस्थेसाठी त्यानं ‘मेरिटॉक्रसी’, गुणवत्ताशाही, हा शब्द लोकप्रिय करून दिला. लोकांनी शब्द उचलला आणि आदर्श म्हणून मिरवला. २००१ मध्ये बिचाऱ्याला वर्तमानपत्रात लेख लिहून सांगावं लागलं की बाबांनो, ती टीका होती.

आता तुमच्या मुलीचं. तिला ‘१९८४’ पूर्ण कर म्हणून मागे लागू नका. मधला तो ग्रंथातल्या ग्रंथाचा भाग पहिल्या वाचनात खुशाल गाळू दे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पुस्तक-मंडळाला तो आणि शेवटचं परिशिष्ट काढूनच हवं होतं. ऑर्वेलनं मोठ्या रकमेवर पाणी सोडायची तयारी ठेवून नकार दिला आणि शेवटी मंडळ नमलं. परिशिष्ट मात्र तिनं वाचावं असं मला वाटतं. न्यूस्पीकबद्दलची ती कोरडी टिपणी भूतकाळात लिहिलेली आहे, न्यूस्पीकमध्ये नाही, साध्या नेहमीच्या इंग्रजीत. ती कुणी लिहिली असेल आणि कधी, एवढंच विचारा. माझ्या वर्गात यावर दोन तट पडतात आणि मी पंचगिरी करत नाही.

पण त्याआधी तिला दुसरंच काहीतरी द्या. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा आहे, एका संध्याकाळी संपते. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात. बटण दाबलं की जेवण, संगीत, आंघोळीचं पाणी, मित्र. वाष्टी नावाच्या बाईच्या हजारो ओळखी आहेत, ती खोलीतूनच व्याख्यानं देते, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या मुलाशी एका तबकडीवर बोलते. मुलगा म्हणतो, मला तुझ्यासारखं काहीतरी दिसतंय, तू दिसत नाहीस. तिला त्याच्यासाठी पाच मिनिटं असतात. पुढे यंत्र बिघडू लागतं. गाण्यात मधेच एक घरघर येते. वाष्टी तक्रार करते, आधी जोरात, मग सवयीनं. काही दिवसांनी ती घरघर तिला खटकेनाशी होते, तो सुरावटीचाच भाग वाटू लागतो.

कथा संपली की तिला विचारा, हे कधी लिहिलं असेल. ती आकडा सांगेपर्यंत थांबा, आणि मगच सांगा: १९०९.